खाकीतून करड्यात: खानापूर तालुक्यातल्या एका स्काउट पथकाचं प्रकरण

त्या जूनमध्ये आमच्या पथकात 32 मुलं होती, आठ-आठ जणांचे चार संघ, आणि गणवेश पाच तऱ्हेचे. गडद खाकी, धुऊन पिवळी पडलेली खाकी, थोरल्या भावाची गुडघ्याखाली येणारी हाफपँट, एकाचा शर्ट तर चक्क त्याच्या काकाचा, होमगार्डमधला. शाळा मराठी माध्यमाची, अनुदानित, कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, जांबोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात. पोरांचे बाप निम्मे शेतात, निम्मे गोव्यात कामाला. मी चित्रकलेचा शिक्षक आणि चौदा वर्षं स्काउट मास्टर. खाकीत पथक उभं राहिलं की मला ते छान दिसायचं, कारण मी स्वतः खाकीत वाढलेला.

मग एक परिपत्रक आलं. यापुढे मेळावा असो की चाचणी शिबिर, मुलं भारत स्काउट्स आणि गाईड्सच्या विहित गणवेशातच आणावीत, जुन्या खाकीत आलेल्यांना चाचणीला बसवलं जाणार नाही. खरं तर नियम नवा नव्हता. स्टील ग्रे शर्ट, नेव्ही ब्लू शॉर्ट्स किंवा ट्राउझर, गडद निळी बेरे टोपी, डाव्या खिशावर संघटनेचं हिरवं चिन्ह, उजव्या खिशावर जागतिक स्काउटचं जांभळं, हे सगळं पुस्तकात आधीपासून होतं. शहरातली पथकं कधीच बदलली होती. आमच्याकडे मुलगा दहावी झाला की शर्ट खालच्या वर्गातल्या पोराला द्यायचा, अशी रीत. त्या रीतीने खाकी वर्षानुवर्षं फिरत राहिली आणि आम्ही तिकडे काणाडोळा केला. परिपत्रकातल्या 'शॉर्ट्स किंवा ट्राउझर' मधल्या 'किंवा'कडेही मी काणाडोळा केला. तो मला चांगलाच महाग पडला.

राख नेमकी कुठली

परिपत्रक कन्नडमधून होतं आणि आमच्यापर्यंत आली ती त्याची झेरॉक्स. शर्टाच्या रंगासाठी शब्द होता 'बूदु बण्ण'. बूदी म्हणजे राख. इथपर्यंत माझं कन्नड पुरतं. पण राख चुलीतली, गोवऱ्यांची की भट्टीतली, हे झेरॉक्स कशी सांगणार? मी शनिवारी दुपारची बस धरून बेळगावला गेलो आणि खडे बाजारातल्या एका दुकानात बसलो. दुकानदाराने चार ताके उलगडले. "सर, ही राखाडी, ही मोतिया, ही सिमेंट, आणि ही बघा स्टील." मी चित्रकलेचा मास्तर, रंग मला कोण शिकवणार? ट्यूबलाइटखाली बोट ठेवलं आणि पहिल्या संघापुरतं 12 मीटर फाडून घेतलं.

रविवारी सकाळी मैदानावर तेच कापड उलगडलं तर ते हिरवट. शेवाळलेल्या दगडावर हिरवी झाक असते तशी. दोन करडे रंग एका दिव्याखाली जुळे वाटतात आणि उन्हात वेगळे निघतात, हे मी दर वर्षी आठवीच्या वर्गाला सांगतो. स्वतः मात्र कापड दुकानाच्या पायरीवर उन्हात धरून बघितलं नाही. फाडलेलं कापड परत घेत नाहीत. ते 12 मीटर माझ्या नावावर खर्ची पडलं.

पुढच्या आठवड्यात बेळगावातल्या एका ओळखीच्या स्काउट मास्तरांकडून त्यांच्या मंजूर शर्टाची बोटभर कतरण मागून आणली आणि टाचणीने हजेरीच्या वहीत लावली. त्यानंतर प्रत्येक ताका त्या कतरणीशेजारी, तोही बाहेर रस्त्यावर नेऊन बघितला. कुणी नवा मास्तर मला विचारतो, सुरुवात कुठून करू? मी सांगतो, आधी कतरण मिळवा, पैशांची जुळणी नंतर करा.

हाफपँटचं वेड

आता पँटकडे येतो. इथे चूक नुसती रंगाची नव्हती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या डोक्यात स्काउट म्हणजे हाफपँट हे घट्ट बसलेलं. त्याला आमच्या भागात कारणही आहे. पावसाळ्यात कणकुंबीच्या बाजूला हाइक नेली की फुलपँट गुडघ्यापर्यंत चिखलात भरते आणि दोन दिवस वाळत नाही. उघड्या पायावर जळू चढली तर लगेच दिसते, मीठ लावून काढता येते. पँटच्या आत शिरली तर रक्त मोज्यात उतरेपर्यंत पत्ता लागत नाही. ही कारणं खोटी नाहीत. पण खरं सांगायचं तर माझा मुद्दा जळवांचा नव्हताच, मला पथक हाफपँटमध्येच बघायचं होतं.

32 नव्या निळ्या हाफपँट शिवायच्या म्हणजे पैसा. त्यावर मला युक्ती सुचली. शर्ट खाकीतून करडा करता येत नाही, गडद रंगावर फिका चढत नाही. पण खाकीवर नेव्ही ब्लू चढेल की! वडगाव-शहापूरकडे विणकरांची वस्ती, तिथे सूत रंगवणारे आहेत. एका रंगाऱ्याशी बोललो. त्याने एक हाफपँट हातात घेऊन चुरगाळली, सोडली, पुन्हा चुरगाळली. "सर, ह्यात सुती कमी हाय. रंग अर्धाच धरतंय बघा." मी म्हटलं, अर्धा तर अर्धा, गडद होऊ दे. त्याने खांदे उडवले आणि 20 पँट भट्टीत टाकल्या.

झालं तेच, जे तो म्हणाला होता. टेरिकॉटमधल्या सुती धाग्याने निळा घेतला, पॉलिस्टरने घेतला नाही. पँट निळी न होता काळसर-जांभळट, मधूनच खाकी डोकावणारी झाली. आणि शिवणीचा दोरा पूर्ण पॉलिस्टरचा! तो जसाच्या तसा पिवळा राहिला. प्रत्येक शिवण, प्रत्येक खिसा, काजाचा प्रत्येक टाका निळ्यावर पिवळ्या खडूने आखल्यासारखा. पोरं हसून लोळली. एकाने तिला 'झेब्रा क्रॉसिंग' नाव दिलं, ते अजून चालतं.

त्या सोमवारी पालकांची बैठक होती. मी पँट दाखवून, थोडं हसून, थोडं ओशाळून, नव्या पँटच्या वर्गणीचा विषय काढला. मागच्या बाकावरून एक आई उठल्या. घरी शिलाई करतात, गावातल्या स्त्री शक्ती संघात आहेत. त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, शाळेची पँट कुठल्या रंगाची हाय?"

शाळेची पँट नेव्ही ब्लू होती. फुल. सोमवार ते शनिवार 32 च्या 32 पोरं ती घालून माझ्यासमोरच बसत होती.

मी ऑफिसात जाऊन परिपत्रक पुन्हा वाचलं. 'शॉर्ट्स किंवा ट्राउझर'. बैठकीत परत येऊन ते मोठ्याने वाचून दाखवलं. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

शिवण

पँटचा प्रश्न मिटला, आता फक्त शर्ट. 58 इंच पन्ह्याच्या कापडात लहान-मोठा मिळून सरासरी सव्वा मीटर, म्हणजे 32 शर्टांना 40 मीटर. कापणीसाठी मी बेळगावच्या कॅम्पातला एक म्हातारा टेलर गाठला. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्याने कॅम्पात गणवेश शिवणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या आहेत. या माणसाचे हात चाळीस वर्षं फौजी शर्टांवरून फिरलेले. त्याला नमुना दाखवायची गरज पडली नाही. खांद्याच्या पट्टीचं टोक त्याने बोटांनी चाचपलं आणि म्हणाला, "ही सैल ठेवली तर लॅनियार्ड, म्हणजे शिट्टीची दोरी, घसरून शिट्टी पोटावर येते, घट्ट ठेवली तर पोरगं हात वर करून सलाम करताना शर्ट कमरेतून निघतो." मग त्याने मुलांची मापं बघितली आणि विचारलं, "सहावीतला किती वर्षं घालणार?" मी म्हटलं, दहावीपर्यंत गेला तर देवाची कृपा.

मग त्याने माया सोडली. दोन्ही बगलांत दीड-दीड इंच, खालच्या दुमडीत दोन इंच, बाहीच्या दुमडीतही. बाही दुमडलेली चालते, त्यामुळे तिथे लपवायला जागा भरपूर. खिसे त्याने नेहमीपेक्षा बोटभर वर लावले. पुढे दुमड सोडून शर्ट लांब केला की खाली लावलेले खिसे पोटाशी आल्यासारखे दिसतात, म्हणाला. चिन्हं मशीनने मारू नका, हाताने कच्च्या टाक्यांनी लावा, म्हणजे पुढच्या शर्टावर काढून नेता येतात, हेही त्यानेच सांगितलं. कापून त्याने गठ्ठे बांधून दिले आणि शिवले गावातल्या बायांनी, त्या बैठकीतल्या आईंच्या देखरेखीखाली. शिलाई बाजाराच्या निम्म्याने पडली आणि तो पैसा गावातच राहिला.

स्कार्फ हा सगळ्यात सोपा भाग. 75 सेंटीमीटरचा चौकोन तिरका कापला की दोन त्रिकोणी स्कार्फ. 32 मुलांना 16 चौकोन, 12 मीटर कापड. मुलांनीच कापले. भूमितीच्या मास्तरांनी त्यावर एक तासही घेतला.

खांद्यावरची पट्टी

इथे आमच्या भागाचा जुना दुखरा भाग आला. खांद्यावर पांढऱ्या पट्टीवर लाल अक्षरांत ग्रुपचं नाव असतं. आमची जुनी पट्टी देवनागरीत होती. नव्या पट्ट्या करायच्या तर कुठल्या लिपीत? बैठकीत आवाज चढले. एक पालक म्हणाले, शाळा मराठी, पोरं मराठी, पट्टी कन्नड कशाला? दुसरे म्हणाले, पोरगं चाचणीला जाणाराय, तिथे वाद घालत बसू नका. मी मध्यममार्ग काढला, दोन्ही लिप्या एका पट्टीवर. भरतकाम करणाऱ्याने मोजपट्टी लावून दाखवलं. दोन ओळी बसवल्या तर अक्षरं मुंग्यांएवढी होणार, धुतल्यावर ती ओळखू येणार नाहीत.

शेवटी पट्टी कन्नडमध्ये झाली आणि संघांच्या झेंड्यांवर वाघ, मोर, गरुड, हत्ती ही नावं देवनागरीत. ही तडजोड मला अजूनही अर्धीच पटते. दोन पालकांना तर अजिबात पटली नाही आणि ते तसं दर वर्षी सांगतात. पोरांना मात्र त्याचं काहीच वाटलं नाही, त्यांना दोन्ही वाचता येतं.

बाईंची बाजू

आमच्या मुलींच्या पथकाच्या, म्हणजे गाईडच्या, कॅप्टन बाईंनी स्वतःचा बदल आमच्या आधी, गाजावाजा न करता उरकला होता. आठवीनंतर मुली गाईडमधून गळायच्या. कारण विचारलं तर 'घरी काम असतं'. बाईंनी घरची कामं न विचारता मुलींना बसवून विचारलं, कवायतीत काय नको वाटतं? उत्तर एका दमात आलं: आखूड घेराचा फ्रॉक, मैदान रस्त्याला लागून, सायकलवरून येणं. सलवार-कमीज नियमात बसत होती. बाईंनी दोन बैठकांत ठरवलं, तिसऱ्या महिन्यात मुली नव्या गणवेशात. धावताना दुपट्टा गळ्यात येतो, तो कुठे आणि कसा पिन करायचा यावर त्यांनी मुलींकडूनच तीन प्रकार करून घेतले, पळवून बघितले, आणि एक निवडला. मी हे सगळं शेजारच्या मैदानावरून बघत होतो. मुलांना विचारावं हे तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही.

कोण आधी, कोण शेवटी

पैसे एकदम जमले नाहीत, शर्ट तुकड्यातुकड्याने आले. डिसेंबरात स्काउटमधल्या राज्य पुरस्कार या परीक्षेचं चाचणी शिबिर होतं, त्याला पाच मुलं जाणार होती. पहिले पाच शर्ट त्यांना. बाकीचे 27 खाकीतच. मग प्रश्न माझा. पुढाऱ्याने आधी बदलावं, असं सगळेच सांगतात. मी उलट केलं. शेवटच्या पोराच्या अंगावर शर्ट चढेपर्यंत मी खाकीत राहायचं ठरवलं, म्हणजे खाकीतलं पोरगं एकटं पडणार नाही. शिबिरात पाच करड्या मुलांसोबत मी खाकीत उभा राहिलो. परीक्षकांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सर्वांसमोर म्हणाले, "मुलं नियमात आहेत, मास्तर नाहीत." पाचही मुलं उत्तीर्ण झाली, मला लेखी समज मिळाली. परीक्षकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी मीही तेच बोललो असतो.

बेळगावातल्या एका मास्तर मित्राचं मत वेगळं. त्याचं म्हणणं, तू आधी बदलला असतास तर वर्गणी दोन महिने लवकर जमली असती, पालक मास्तराकडे बघून पाकीट उघडतात. असेलही.

एक मुलगा मात्र गेला. नववीतला, उंच, शिट्टीवर पथक हलवणारा. त्याच्या वडिलांनी गोव्याहून येताना एप्रिलमध्येच नवी कोरी खाकी शिवून आणली होती. जूनमध्ये मी मैदानावर सगळ्यांसमोर जाहीर केलं, आता खाकी बंद. त्याने काही विचारलं नाही. पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. घरी गेलो तर आई म्हणाली, अभ्यास आहे. त्या शर्टाबद्दल मला कळलं तेव्हा दिवाळी उलटली होती. आधी एकेकाच्या घरी जाऊन, कुणाकडे काय आहे याची यादी केली असती, तर जाहीर करण्याआधीच ते कळलं असतं. त्याच्या जागी सहावीतला एक घेतला, म्हणून संख्या 32 च राहिली. नोंदवहीत ती गळती दिसतसुद्धा नाही.

जुने गुरुजी

आमचे एक निवृत्त गुरुजी 71 वर्षांचे. रविवारी न चुकता मैदानावर, खळ घातलेल्या खाकीत, मोजे गुडघ्यापर्यंत ओढलेले. गणवेश बदलणार म्हटल्यावर त्यांनी मला इतिहास ऐकवला. हा वेश स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलने दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्या पोलीस दलावरून उचलला. भारतात पहिलं पथक 1909 मध्ये बंगळूरला निघालं, म्हणजे आपल्याच राज्यात. आणि 1916 मध्ये अ‍ॅनी बेझंटबाईंनी मद्रासला भारतीय मुलांसाठी वेगळी संघटना काढली तेव्हा डोक्यावर साहेबी हॅट न ठेवता फेटा ठेवला. मला वाटलं, गुरुजी खाकीची बाजू मांडतायत. तर शेवटी म्हणाले, "म्हणजे हे काय पहिल्यांदा बदलत नाही रे. इंग्लंडात तर 1966 च्या अहवालानंतर त्यांनी आपली हाफपँट आणि ती हॅट दोन्ही सोडली. तू कशाला धरून बसलायस?"

झेब्रा क्रॉसिंग होण्याच्या आदल्या आठवड्यातली ही गोष्ट. मी ऐकलं नाही.

मात्र नोव्हेंबरपासून गुरुजीच यायचे बंद झाले. तीन रविवार गेले. मला वाटलं रुसले. घरी गेलो तर अंगणात सुपारी सोलत बसलेले. म्हणाले, "नवा शर्ट शिवून मी तो किती वेळा घालणार? पाच? सहा? तेवढ्या कापडात एका पोराचा होईल. आणि जुन्यात आलो तर पोरं म्हणतील, गुरुजींना चालतं तर आम्हाला का नाही." पेच खरा होता, माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाईंनी काढलं. गुरुजी आता पथकाचे पदाधिकारी नाहीत, पाहुणे आहेत. पाहुण्याला स्कार्फ घालून स्वागत करतात.

शेवटचा शर्ट 14 फेब्रुवारीला शिवून झाला. त्याची काजं त्या आईंनी रात्री दिव्याखाली केली, कारण दिवसभर मिरची तोडायची होती. 22 फेब्रुवारीला, बेडन-पॉवेलच्या जन्मदिवशी, 32 पोरं करड्यात उभी राहिली. त्याच सकाळी मीही पहिल्यांदा करडा घातला. माझ्या शर्टालाही टेलरने माया सोडलीय, ती मात्र पोटासाठी. गुरुजी पांढऱ्या नेहरू शर्टावर आले. संघनायकाने त्यांच्या गळ्यात नवा स्कार्फ घातला, वॉगल, म्हणजे स्कार्फ अडकवायची कडी, वर सरकवला आणि डावा हात पुढे केला. गुरुजींनी आधी त्याच्या खांद्याची पट्टी चाचपून बघितली, मग हात मिळवला.

झेब्रा क्रॉसिंगच्या 20 पँटमधून तंबूच्या खुंट्यांच्या पिशव्या शिवून घेतल्या, त्या अजून टिकून आहेत. हिरवट करड्या कापडातलं अडीच मीटर माझ्या कपाटात पडून आहे. आठवीच्या वर्गाला रंग शिकवताना ते आधी ट्यूबलाइटखाली दाखवतो आणि मग खिडकीत नेतो.